फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये पहिलं घर घेताना

आधी लेव्हल ५० आणि ग्रँड कंपनीत (गेममधल्या लष्करी संघटनेत) सेकंड लेफ्टनंटची रँक मिळव. त्याशिवाय अर्जच करता येत नाही. एका वॉर्डात, म्हणजे घरांच्या एका वस्तीत, प्लॉट फक्त ६०, त्यामुळे २०२२ पासून लॉटरी आहे: ५ दिवस अर्ज, ४ दिवस निकाल. पूर्ण किंमत आधीच भरावी लागते. एका वेळी एकच अर्ज, म्हणून घाई नको. पाटीवर अर्जांची संख्या दिसते. शेवटच्या दिवशी कमी गर्दीचा प्लॉट बघ. कोपऱ्यातला, दृश्य नसलेला चालेल, एकाच आकाराची घरं आतून सारखीच! हरलास तर भरलेलं पूर्ण गिल (गेममधलं चलन) परत मिळतं. जिंकून निकालाच्या मुदतीत ताबा घेतला नाहीस, तर प्लॉटही जातो आणि निम्मे पैसेही. नंतर ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाहीस, तर घर पाडतात. कठोर वाटतं, पण रिकामी घरं अडवून ठेवण्यापेक्षा बरं. तोवर ५ लाख गिलचा अपार्टमेंट घे, तो पाडत नाहीत.