फोटो चांगला, पण सेक्शन चुकला

ताई, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. नेरुळच्या डीपीएस तलावावरच्या फ्लेमिंगोंचा फोटो तुम्ही फोटोग्राफी क्लबच्या मासिक स्पर्धेत नेचर सेक्शनला दिलात आणि मागे दिसणाऱ्या इमारतींच्या टॉवरमुळे तो बाद झाला. दुसरा, उभा फोटो स्पर्धेची साइट घेतच नव्हती. आणि पुढे सॅलोनला, म्हणजे मोठ्या स्पर्धा-प्रदर्शनाला पाठवायचं तर कोणते नियम बघायचे, हे तुम्हाला हवंय.

बाद झाला म्हणजे फोटो पडला असं नव्हे. परीक्षकांनी त्याला गुणच दिलेले नाहीत, चुकीच्या सेक्शनला आला म्हणून बाजूला ठेवलाय. नवीन मंडळी सेक्शनचं नाव वाचतात आणि खालची व्याख्या सोडून देतात. पक्षी आहे म्हणजे नेचर, काळा-पांढरा आहे म्हणजे मोनोक्रोम, इतकं ते सरळ नसतं.

नेचरची व्याख्या आपल्याकडचे बहुतेक क्लब वरच्या संस्थांकडून घेतात. फिआप (फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून ती ठरवली आणि २०१५ पासून लागू केली. त्यात माणसाच्या खुणा नकोत असं म्हटलंय, पण एक पळवाटही ठेवलीय: ती खूण निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असेल तर चालते. व्याख्येतलंच उदाहरण गव्हाणी घुबडाचं आहे. पडक्या इमारतीच्या कोनाड्यात बसलेलं घुबड नेचरला चालतं, कारण ते राहतंच तिथे. तुमच्या फोटोत फ्लेमिंगो टॉवरवर राहत नाहीत, टॉवर नुसते मागे उभे आहेत. ‘शहराने वेढलेली पाणथळ जागा हीच तर गोष्ट आहे’ असा वाद घालता येईल आणि एखादा परीक्षक तो मान्यही करेल, पण त्या भरवशावर एन्ट्री देऊ नये.

मग टॉवर पुसून टाकायचे का? अजिबात नाही. नेचरमध्ये क्रॉप करायला हरकत नाही, एक्स्पोजर आणि रंग मूळ दृश्याच्या जवळ राहतील इतपत सुधारायलाही नाही. पण चित्रातली वस्तू काढणं, घालणं किंवा हलवणं पूर्ण बंद. समोरचं तरंगणारं प्लॅस्टिकसुद्धा क्लोन करून घालवायचं नाही. दोन-तीन फ्रेम जोडून केलेला पॅनोरामा नाही, इन्फ्रारेड नाही. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करून सगळा विषय स्पष्ट करणं, मात्र चालतं, मॅक्रोवाल्यांनी घाबरू नये. माझं मत विचाराल तर तुमचा फोटो क्रॉप करूच नका. गुलाबी थवा आणि मागे काचेच्या इमारती, हा नवी मुंबईचाच फोटो आहे. तो ओपन कलरला, म्हणजे विषयाचं बंधन नसलेल्या रंगीत सेक्शनला द्या, तिथे टॉवर अडचणीचे न ठरता कामाला येतील.

याच व्याख्येत आणखी काही जण दरवेळी अडकतात. कुंडीतला संकरित गुलाब, पाळीव मांजर, रस्त्यावरचं कुत्रं यांतलं काहीही नेचर नाही. राणीच्या बागेतल्या पेंग्विनचा फोटो नेचरच्या व्याख्येत बसू शकतो, पण सेक्शनचं नाव ‘वाइल्डलाइफ’ असेल तर प्राणी मोकळा हवा. प्राणिसंग्रहालयातला तिथे चालत नाही.

मोनोक्रोमचं थोडक्यात. पूर्ण फोटोला एकच टोन, मग तो सेपिया असो वा निळसर, तरी मोनोक्रोमच. मासुंदा तलावावरची दीपोत्सवाची संध्याकाळ काळी-पांढरी करून पणत्या तेवढ्या केशरी ठेवल्यात, की तो कलरचा फोटो झाला. (मुळात हा प्रकार आता पुरे झाला असं मला वाटतं, पण ते माझं मत, नियम नव्हे.)

ओपन सेक्शनमध्ये एडिटिंगला बरीच मोकळीक असते. मात्र एक अट फिआप आणि पीएसए दोघांकडेही कडक आहे: चित्रातला प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोतला हवा. तुमच्याच दुसऱ्या फोटोतले ढग आणून बसवले तर ओपनमध्ये चालेल. सॉफ्टवेअरसोबत आलेलं तयार आकाश बसवलं तर नाही, कारण ते आकाश दुसऱ्या कोणीतरी टिपलेलं आहे. एआयने भरलेल्या भागाचंही तेच. फोनमध्ये बोटाने माणूस पुसला की त्या जागी फोन स्वतःच्या मनाने भिंत रंगवतो, ती भिंत तुमची नसते. म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) जपा, आणि फक्त निवडलेल्या फ्रेमची नको, तिच्या आगेमागे दोन-चार क्लिक असतील तेही ठेवा. मोठ्या स्पर्धांत शंका आली की मूळ फाइल मागतात, आणि ती देता आली नाही तर विषय तिथेच संपतो.

उलटंही घडलंय. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या एआय विभागात फ्लेमिंगोच्याच एका चित्राने परीक्षकांचं तिसरं पारितोषिक आणि लोकांची पसंती दोन्ही मिळवली. पक्षी पोट खाजवायला मान वळवून उभा, त्यामुळे डोकंच दिसत नाही, बघणाऱ्याला वाटावं हे यंत्राचंच काम. नंतर फोटोग्राफरने सांगितलं की हा कॅमेऱ्याने काढलेला खरा फोटो आहे. आयोजकांनी बक्षीस काढून घेतलं. त्याला मुद्दा मांडायचा होता आणि तो त्याने मांडलाही, पण सेक्शन चुकला की खराखुरा फोटोही बाद होतो, हेही त्यात आलंच.

फ्लेमिंगो टिपायला खाडीवर जात असाल तर एक सांगतो. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने गेलात तर नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणत बसू नका. थवा मुद्दाम उडवून काढलेला फोटो जाणत्या परीक्षकाला बहुधा कळतो: सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून एकाच दिशेला निघालेले असतात. येऊरच्या जंगलात घरटं दिसलं तर कॅमेरा खाली ठेवा. घरट्यांचे फोटो आपल्याकडच्या अनेक स्पर्धा घेतच नाहीत. ड्रोन तर अभयारण्यात परवानगीशिवाय नकोच, आणि आता नवी मुंबईत विमानतळ सुरू झाल्यामुळे इतर ठिकाणीही उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघावा लागतो.

आता उभ्या फोटोचं. बऱ्याच स्पर्धांत मर्यादा असते रुंदी जास्तीत जास्त १९२० आणि उंची जास्तीत जास्त १०८० पिक्सेल. लोक ‘लाँग साइड १९२०’ एवढंच लक्षात ठेवतात. आडव्या फोटोतही ते चुकतं: कॅमेऱ्याचा ३:२ फ्रेम १९२० रुंद केला तर उंची १२८० होते, म्हणजे मर्यादेबाहेर. उंची १०८० वर आणा, रुंदी आपोआप १६२० येईल. उभ्या फोटोत लाँग साइड म्हणजे उंचीच, ती १०८० केली की रुंदी उरते फक्त ७२०. पडद्यावर फोटो लहान दिसतो, नाइलाज आहे. म्हणून उभ्यासाठी असा विषय निवडा जो लहान आकारातही वाचता येईल. दूरचा बारीक थवा तिथे नुसता ठिपक्यांचा होतो. रंगासाठी एसआरजीबी हे सेटिंग ठेवा, बहुतेक पडदे तेच धरून चालतात. कॅमेरा अ‍ॅडोब आरजीबी या दुसऱ्या सेटिंगवर असेल आणि फाइल तशीच गेली तर क्लबच्या प्रोजेक्टरवर गुलाबी रंग मरगळलेला दिसतो, मग परीक्षकाला दोष देऊन उपयोग नाही.

फोटोवर नाव, सही, वॉटरमार्क, बॉर्डर काही नको, कारण फोटो कोणाचा ते परीक्षकाला कळायला नको असतं. शीर्षक मात्र द्या. कॅमेऱ्याने दिलेला फाइल नंबर किंवा ‘अनटायटल्ड’ सॅलोनमध्ये चालत नाही. आणि एकदा फोटो एका नावाने स्वीकारला गेला की पुढे सगळीकडे तेच नाव. नाव बदलून, किंवा रंगीत फोटोच काळा-पांढरा करून नवीन म्हणून दिला, तर ती लबाडी धरतात. यासाठी साधी वही ठेवा: कोणता फोटो, कोणत्या नावाने, कुठे, काय निकाल.

शेवटी हक्कांचा मुद्दा, कारण तुम्ही लग्नाच्या ऑर्डरीही घेता असं लिहिलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा पहिला मालक साधारणपणे फोटोग्राफर असतो, पण कोणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल तर मालक तो पैसे देणारा. म्हणजे नवरीचा सुंदर फोटो पोर्ट्रेट सेक्शनला देण्याआधी त्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्या, किंवा ऑर्डरीच्या करारातच तसं एक वाक्य घाला. आयोजकांच्या अटीही याच नजरेने वाचा. प्रदर्शन, कॅटलॉग आणि स्पर्धेच्या जाहिरातीसाठी फोटो वापरू देणं रास्त आहे. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर एन्ट्री फी कितीही कमी असो, मी तरी पाठवत नाही. कायद्याने हक्क देऊन टाकायला लेखी आणि सही केलेला कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ऑनलाइन फॉर्मवर टिक करताना आपण नेमकं कशाला हो म्हणतोय ते वाचा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवून द्या.