नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर उन्हाळी इंटर्नशिप करणार असशील तर

पहिला आठवडा लॅपटॉप उघडूच नकोस. बीटच्या (गस्तीच्या ठरलेल्या भागाच्या) वनरक्षकाबरोबर पायी फिर. सकाळी सहालाच निघ, अकरानंतर कातळ भाजून काढतो.

रविवारी पायथ्याशी बसून मोजणी कर: किती जण आले, पाणी किती आणलं, परतताना रिकाम्या बाटल्या हातात होत्या का. दोन उन्हाळे हेच करताना मला कळलं की गर्दीपेक्षा चोरवाटा जास्त नुकसान करतात. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने संरक्षित क्षेत्र आहे, आणि सेरोपेजिया अंजनेरिका हे दुर्मीळ कंदीलपुष्प इथलंच. मे महिन्यात वर नुसतं वाळलेलं गवत दिसतं, कंद मात्र खाली जिवंत असतो. तंबूसाठी कुणी दगड उपटला, तीन दगडांची चूल मांडली, की तोच जातो. म्हणून वळण टाळून पाडलेली प्रत्येक वाट जीपीएसवर नोंदव आणि ती काटेरी फांद्या टाकून बंद करायला सुचव.

पर्यटकांशी हुज्जत नको. कंद कुठे असतो ते दाखव, बहुतेक जण ऐकतात.

संयुक्त वनव्यवस्थापन समितीतल्या (वनखात्याबरोबर जंगल सांभाळणाऱ्या) गावकऱ्यांशी मात्र निवांत बोल. वणवा कुठल्या उतारावरून चढतो हे त्यांना पाठ असतं. अहवाल मराठीत लिही आणि एक प्रत वनरक्षकाला आवर्जून दे.