रन मोजायचा की नाही?

प्रश्न: भाऊ, आमच्या टेनिसबॉल मॅचमध्ये जाम राडा झाला. शेवटचा बॉल, जिंकायला दोन पाहिजे. आमच्या पोट्ट्यानं उंच मारला, बॉल खाली येईपर्यंत दोघांनी पळून एक पूर्ण केला आन् मग कॅच झाला. अंपायर म्हणे रन नाही. पण आधीच्या ओव्हरमध्ये दुसऱ्या रनला रनआउट झाला तेव्हा पहिला धरला होता ना! असं काहून? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: अंपायर दोन्ही वेळा बरोबर होता, उगाच भांडलात. कॅच झाला की त्या बॉलवर पळून काढलेलं सगळं गेलं, मग एक पळा नाहीतर तीन. रनआउटमध्ये मात्र जो रन काढताना आउट झाला तेवढाच जातो, आधीचे पूर्ण झालेले राहतात, आणि विकेट बॉलरच्या नावावर लागत नाही. गंमत म्हणजे तोच बॉल नोबॉल असता तर कॅच धरलाच नसता, पळालेला एक आणि नोबॉलचा एक, जिंकले असते तुम्ही! वाइडवर स्टंपिंग झालं तर आउटही होतो आणि वाइडचा रनही मिळतो, यावरूनही लोक खूप भांडतात.

अजून एक, कॅचच्या आधी दोघं क्रॉस झाले तर नॉनस्ट्रायकरनं स्ट्राइक घ्यायची हे आता जुनं झालं. ऑक्टोबर २०२२ पासून नवा बॅटरच स्ट्राइकवर येतो, फक्त ओव्हर संपली असेल तर नाही.

प्रश्न: बॅटला बारीक लागून बॉल पॅडवर आला तर एलबी (पायचीत) देतात का? – एक कॉलेजकुमार, धरमपेठ

उत्तर: नाही, आधी बॅटला लागला की एलबीचा विषयच संपला, कितीही बारीक लागो. पण अंपायरला ते दिसलं पाहिजे ना बाप्पा. आपल्याच नागपूरच्या जामठा स्टेडियमवर २९ जानेवारी २०१७ च्या टी-ट्वेंटीत इंग्लंडला शेवटच्या ओव्हरमध्ये ८ हवे होते, बुमराहच्या पहिल्याच बॉलवर जो रूटला एलबी दिला, रिप्लेमध्ये बॉल बॅटला लागून गेलेला दिसला, पण तेव्हा टी-ट्वेंटी इंटरनॅशनलमध्ये डीआरएस (अंपायरचा निर्णय रिप्लेवर पुन्हा तपासून मागायची सोय) नव्हता त्यामुळे बिचारा गेला, आपण ५ रननी जिंकलो आणि स्टेडियममध्ये कोणाला काही वाईट वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही. तुमच्या कॉलनीत मात्र एलबी ठेवूच नका, अंपायर बॅटिंग टीमचाच असतो.