पोटातला मुरडा : तुमचे प्रश्न

विरारहून रोज चर्चगेटला जातो. चहा घेऊन स्टेशनकडे निघालो की पोटात मुरडा येतो. शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं. रविवारी काहीच नाही. वर्ष झालं, सोनोग्राफी नॉर्मल आहे. (वय ३४)

लोकलमध्ये शौचालय नसतं, हे तुमच्याइतकंच तुमच्या आतड्यालाही ठाऊक आहे! सकाळी पोटात काही गेलं की मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं, ते सगळ्यांचंच. तुमचं जरा जास्त हळवं आहे, त्यात गाडी चुकण्याची धास्ती. दुखणं सहा महिन्यांपेक्षा जुनं, गेले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होणारं आणि शौचाशी जोडलेलं असेल, तर त्याला आम्ही आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे हळवं आतडं, म्हणतो. रक्त पडणं, वजन उतरणं, रात्री दुखण्याने जाग येणं यातलं काही असेल तर मात्र आधी तपासणी.

अर्धा तास लवकर उठा, चहा-बिस्कीट तेव्हाच उरका आणि मोकळे होऊनच निघा. रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात घालून लगेच प्या. फुगल्यावर ते घशाखाली उतरत नाही. फायबर म्हणून गव्हाचा कोंडा खाऊ नका, त्याने अनेकांचं पोट आणखी फुगतं. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर मेबेव्हरिन ही आतडं सैल करणारी गोळी देतील. ती गोळी जेवणाआधी वीस मिनिटं घ्यायची असते. कळ आल्यावर घेऊन काय उपयोग? पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलनेही आतडं सैलावतं, पण छातीत जळजळ असेल तर ती वाढू शकते.

सासऱ्यांच्या (वय ७२) पोटात कळ आली की केमिस्टकडून डायसायक्लोमिनची गोळी आणतो. हल्ली त्यांची लघवी अडखळते. संबंध असेल का? (दादर)

दाट शक्यता आहे. ही गोळी नसांकडून स्नायूंना मिळणारा 'आवळ' हा निरोप अडवते. पण तोच निरोप मूत्राशयालाही लागतो. मूत्रमार्गाभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असली की मग लघवी तुंबते. तोंड कोरडं पडणं, धूसर दिसणं, बद्धकोष्ठ, म्हाताऱ्या माणसाचं बरळणं, हे सगळं त्याच गोळीचं देणं. काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब वाढण्याचीही भीती. गोळी थांबवा, डॉक्टरांना दाखवा. लघवी पूर्ण बंद झाली तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. आणि बहात्तराव्या वर्षी पोटात नव्याने कळा का येताहेत, हे कोणी तपासलंय का?

तीन महिन्यांचं बाळ संध्याकाळी कळवळून रडतं. शेजारच्या काकू 'पोटदुखीचे थेंब' आणून देतात. देऊ का? (लालबाग)

बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलं असेल तर अजिबात नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना त्याने श्वासाचा त्रास झालेला आहे. बाळाला उभं धरून ढेकर काढा. हे रडणं बहुधा चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. ताप, हिरवी उलटी, दूध न पिणं असेल तर लगेच डॉक्टर.

काल बेंबीभोवती दुखत होतं, आज उजवीकडे खाली. ओवा चावला, हिंगाचं पाणी झालं. कुठली गोळी घेऊ? (भांडुप)

या पत्राला मी इथे उत्तर देत बसलो नाही, त्याच दुपारी फोन केला. मुरड्याची कळ येते आणि जाते. दुखणं एका जागी ठाण मांडून वाढत असेल तर ओवा-हिंग आणि गोळ्या, सगळं बाजूला ठेवायचं. मी विचारलं, खोकल्यावर दुखतं का? ते म्हणाले, "खोकल्याचं सोडा डॉक्टर, आत्ता रिक्षा खड्ड्यात आदळली तर डोळ्यांत पाणी आलं." रिक्षा तशीच हॉस्पिटलकडे वळवायला सांगितली. अपेंडिक्स होतं.