टेस्ला कॉइलचा कपॅसिटर: छोटे घ्या, माळ लावा

सिरॅमिक डिस्क स्वस्त पडतात, पण टेस्ला कॉइलच्या टँक सर्किटमध्ये (कपॅसिटर आणि प्रायमरी कॉइलची जोडी) तापून फुटतात. पॉलिएस्टरही नको. पल्ससाठी, म्हणजे करंटचे क्षणिक झटके सोसायला बनवलेले पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या; डेटाशीटवर आधी पीक करंट (क्षणभर झेपणारा कमाल करंट) बघा, मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता) नंतर.

समजा, तुमचा निऑन ट्रान्सफॉर्मर (निऑन पाट्यांसाठीचा, व्होल्टेज चढवणारा) ९ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा आहे. ९ हा आरएमएस (एसीचा परिणामी) आकडा, शिखर १२.७ किलोव्होल्टला जातं. ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्ट डीसीचे १० नग सिरीजमध्ये लावले की २० किलोव्होल्ट, १५ नॅनोफॅरड मिळतात. ७ नगांत १४ किलोव्होल्ट होतात खरे, पण ते शिखराच्या जेमतेम वर, ती काटकसर महागात पडते. आणि ५० हर्ट्झवर या ट्रान्सफॉर्मरचा रेझोनन्स (कपॅसिटरशी सूर जुळणं) साधारण १०.६ नॅनोफॅरडला येतो. त्याच्या आसपास राहिलात तर व्होल्टेज भलतंच चढतं नि ट्रान्सफॉर्मरच जळतो. सेफ्टी गॅप (व्होल्टेज फार चढलं की ठिणगी पडून ते उतरवणारी फट) तरीही हवाच.

प्रत्येक नगावर १० मेगओहमचा ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर साठलेला चार्ज उतरवणारा) लावा. त्याचं व्होल्टेज रेटिंगही तपासा, साधा पाव वॅटचा टिकत नाही. चार्ज उतरायला सात-आठ सेकंद लागतात. पण एखाद्या ब्लीडरचा पाय निखळला असेल तर त्या नगात चार्ज तसाच राहतो, म्हणून हात लावण्याआधी इन्सुलेटेड दांडीने प्रत्येक नग शॉर्ट करा. सोल्डरला टोकं ठेवू नका, तिथूनच कोरोना (हवेत होणारी विजेची गळती) सुटतो.