सहीखालचा नंबर उघडेना

प्रश्न : रावेरला माझा केळीचा व्यापार आहे. सीसी लिमिट (बँकेच्या खेळत्या कर्जाची मर्यादा) रिन्यू करायला ताळेबंद दिला तर बँकेतले साहेब म्हणे यावरचा युडीन, म्हणजे सीएच्या सहीखालचा त्या कागदाचा ओळख नंबर, ऑनलाइन दिसतच नाही, आणि फाइल परत. सीए फोन उचलत नाहीत. तक्रार कुठं करू आणि माझं नुकसान कोण भरून देणार?

उत्तर : दादा, आधी तो कागद हातात घ्या. युडीन १८ अक्षरांचा असतो, पहिले २ आकडे वर्षाचे, पुढचे ६ म्हणजे सीएचा मेंबरशिप नंबर. सहीखाली लिहिलेल्या मेंबरशिप नंबराशी ते ६ आकडे जुळतात का बघा. जुळत असले तर पुढच्या १० अक्षरांत ओ आणि शून्याची गल्लत झाली असेल, असंही होतं. जुळतच नसले तर मात्र प्रकरण वेगळं आहे.

आता राग मानू नका, पण ते खरंच सीए आहेत का? आपल्याकडे मार्केट यार्डाजवळ टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लावून बसलेल्या कुणालाही लोक सीए म्हणतात. आयसीएआय, म्हणजे १९४९च्या कायद्यानं झालेली सीएंची संस्था, तिच्या साइटवर नाव शोधा. नाव नसेल तर संस्था त्याचं लायसन काय काढून घेणार, ते मुळात नाहीच ना! पण सीए नसताना सीए म्हणवून घेणं हा गुन्हा आहे, पोलिसात जा.

नाव असेल तर फॉर्म १ भरून २५०० रुपये फीसह संस्थेच्या दिल्लीच्या शिस्तपालन विभागाकडे तक्रार करा. संस्थेच्या जळगावच्या शाखेत जाऊन भांडून उपयोग नाही, कारवाईचे अधिकार तिथं नाहीत. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तरच प्रकरण पुढं जातं, घोर निष्काळजीपणासारखं गंभीर असलं तर शिस्तपालन समितीकडे, आणि ती रजिस्टरमधून नाव काढू शकते, दंडही करते. पण तो दंड तुमच्या खिशात येत नाही हो, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगात किंवा कोर्टातच जावं लागेल. आणि एकदा तक्रार केली की मग नातेवाईक मधे पडून "जाऊ दे, मिटव" म्हणाले तरी ती आपल्या मर्जीनं मागं घेता येत नाही, परवानगी लागते.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी बँकेकडून फाइल का परत केली ते लेखी घ्या. साहेबांचं तोंडी बोलणं पुरावा म्हणून चालणार नाही.