यूरोलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताय?

भाऊ, आधी लाज घरी ठेवा. तुम्ही जे चाचरत सांगणार, ते डॉक्टर रोज सकाळपासून ऐकतात.

जायच्या आधी तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या मगात किती भरली, रात्री किती वेळा उठलात. 'सारखं जावं लागतं' एवढं सांगण्यापेक्षा ही वही फार कामाची. चालू गोळ्यांच्या पट्ट्याही न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर न विचारता सांगा.

लघवीच्या वेगाच्या तपासणीला मूत्राशय भरलेलं लागतं. पण सिन्नर-दिंडोरीहून येणार असाल तर घरून तांब्याभर पाणी पिऊन निघू नका, एसटी नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडला लागेपर्यंत जीव कासावीस होईल. दवाखान्यात पोचून प्या. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची, यंत्र आलेख काढतं. मुद्दाम जोर लावू नका, नाहीतर आकडा चुकीचा येतो. मग सोनोग्राफीत आत किती उरली ते बघतात.

पन्नाशी उलटली असेल तर प्रोस्टेटसाठी (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) गुदद्वारातून बोटाने तपासतील. अवघडल्यासारखं होतं, पण मिनिटभरात आटोपतं. पीएसएच्या (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन) रक्ततपासणीआधी 48 तास वीर्यस्खलन टाळा; लघवीत संसर्ग असला तरी तो आकडा वाढतो, तेव्हा लगेच घाबरू नका.

लघवीतून रक्त गेलं असेल तर मात्र, दुखत नसलं आणि एकदाच गेलं असलं, तरी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.